एक पोकळ फरशी सोडली तर

मी बोलतोय, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. हो, तोच, ज्याच्या बाल्कनीवर 'विकणे आहे'ची पाटी लागली होती. एजंटने जाहिरातीत मला 'प्रशस्त' म्हटलं, 'उच्चभ्रू वस्तीतला' म्हटलं. खोटं कशाला सांगू, ऐकून मी जरा फुगलोच. चार खोल्या, दोन बाल्कन्या, खाली झाडीतला शांत रस्ता. कौतुक कुणाला नको असतं?

माझ्या रंगाचा वासही गेला नव्हता तेव्हा साहेब आणि बाई राहायला आले. कडेवर दोन वर्षांची लेक. साहेब पुलांचे इंजिनिअर. छोटी हातोडी घेऊन पुलांचे खांब ठोकून बघायचे. आवाज खणखणीत आला तर खांब धडधाकट, बद्द आला तर आत पोकळी. आल्या दिवशी त्यांनी मलाही कोपरा न् कोपरा ठोकून पाहिलं. मी पहिल्या झटक्यात पास!

बाई दातांच्या डॉक्टर. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "दुखणार नाही हां." दवाखाना दूर होता, पण सवय घरीही सुटायची नाही. लेकीच्या पायातला काटा काढताना तेच, आणि माझ्या भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर माझ्यावर हात फिरवून मलाही तेच. साहेब हसायचे. म्हणायचे, "अगं, भिंत आहे ती!" मी मात्र लाडावून गेलो होतो.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. साहेब निवृत्त झाले, बाईंनी दवाखाना बंद केला. आणि मग बाईंचे गुडघे बोलू लागले. तशात लेकीचा फोन आला. तिच्या शेजारचं बैठं घर विकायला निघालं होतं. मागे थोडी मोकळी जमीन, पेरूचं एक झाड. बाईंना जन्मभर बागेची हौस. माझ्या बाल्कन्यांत कुंड्या ठेवून ठेवून त्यांनी ती भागवली होती. फोन ठेवल्यावर त्या किती तरी वेळ नुसत्या हसत बसल्या. पण त्या घराचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. तोवर मी विकला गेलो तर बाग, नाही तर पुन्हा कुंड्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं की. पण बाईंचा तो चेहरा पाहिल्यावर मीच मनात म्हटलं, जा बाबा एकदाचा विकला.

गिऱ्हाइकं येऊ लागली आणि आमच्या साहेबांनी घोळ घातला. एजंट हॉल दाखवायचा, उजेड दाखवायचा. साहेब मागून हातोडी घेऊन हजर! "इकडे या. ही लेकीच्या खोलीतली खिडकीजवळची फरशी. ऐका." टक टक. बद्द. "पोकळ आहे. मी आलो तेव्हा पक्की होती. पुढे पोकळ निघाली. बिल्डरने माल कमी घातला, दुसरं काय! एक अशी निघाली, उद्या आणखी निघतील." माणसं एकमेकांकडे बघायची आणि 'कळवतो' म्हणून लिफ्ट गाठायची.

सातवी पार्टी गेली तेव्हा एजंटने कपाळाला हात लावला. "साहेब, तुम्ही घर विकताय की तक्रार नोंदवताय?"

"खरं ते सांगायला नको?" साहेब म्हणाले. "मी कधी पोकळ खांब पास केला नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हातोडी पिठाच्या डब्यात लपवली.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. नवरा-बायको आले, सोबत नवऱ्याची आई, काठी टेकत. साहेब ओठ घट्ट मिटून सोफ्यावर बसले होते. तशी शपथच घातली होती बाईंनी. सून बाल्कनीत रमली. मुलगा खूष. आजी मात्र काठी आपटत आपटत खोल्या फिरत होत्या. लेकीच्या खोलीत खिडकीपाशी गेल्या आणि थांबल्या.

"अगं बाई, इथे आवाज वेगळा येतोय."

एजंटचा चेहरा पडला. साहेब लाल झाले, पण शपथ आठवून सोफ्यातच रुतून बसले. मी श्वास रोखला. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आजींजवळ गेल्या. मला वाटलं, आता म्हणतील, काही नाही हो, दुखणार नाही.

"पोकळ आहे ती," बाई म्हणाल्या. "आणि बिल्डरचा काही दोष नाही. माझा आहे. हे दौऱ्यावर गेले होते. मला आरसा टांगायचा होता, म्हणून यांची हातोडी घेतली. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. स्टुलावरून निसटली ती हातातून आणि फरशी फुटली. हे यायच्या आत गवंडी बोलावून घाईघाईत दुसरी बसवून घेतली. बाकी सगळं घर पक्कं आहे. हवं तर ठोकून बघा."

साहेब उभेच राहिले. "म्हणजे सव्वीस वर्षं मी त्या बिचाऱ्या बिल्डरला शिव्या घालतोय?"

"अहो, सांगणारच होते."

"कधी?"

"हे काय, आत्ता!"

आधी आजी हसल्या, मग सगळेच. साहेबही. मला तर हे पहिल्यापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं, मला कसं हलकं हलकं वाटलं. आजींनी खरंच काठीने सगळं घर ठोकून पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "हेच घ्या रे. इथली माणसं दोष सांगतात, तेव्हा बाकीचं खरं असणार."

मुदतीच्या आत बोलणी पक्की झाली. बैठं घर हातचं गेलं नाही.

सामान हललं त्या सकाळी साहेबांनी पीठ झटकून हातोडी घेतली आणि भिंतीभिंतीला एकेकदा हलकेच टकटक केलं. पोकळ फरशीवर मात्र दोनदा, बाईंकडे बघून. नव्या मंडळींना ती बदलून देतो म्हणाले होते, पण आजींनीच नको म्हटलं. रात्री पाणी प्यायला उठलं की काठीला खिडकी कळेल, म्हणाल्या.

बाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. दारापाशी थांबल्या, माझ्यावर हात फिरवला.

"दुखणार नाही हां."

आता आतून काठीचा आवाज येतोय, बाल्कनीत नव्या कुंड्या आल्यात, मी मजेत आहे. आजी, खुशाल ठोका, मला सवय आहे. आणि बाई, पेरू लागले की आजींना फोन करा, मला ऐकू येईलच. एवढंच सांगायचं राहिलं होतं, तुमच्या त्या सगळ्या पेशंटांना कसं वाटायचं ते मला त्या सकाळी समजलं. थोडं दुखलं हो.