तिसरी शिट्टी

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक खड्डा आहे. तुमची अख्खी मूठ आत बसेल एवढा. तो पहारीचा आहे, आणि तो कसा पडला हे सांगायला मला फार आवडतं. मी एक जुना अँप्लिफायर, घरात सिनेमाचा आवाज घुमवणारा. मला पाच स्पीकर आणि एक वूफर जोडलेले असत, म्हणजे तोंडं पाच आणि पोट एक. मी थोडं वाढवून सांगेन. मोठा आवाज करणं हाच माझा धंदा होता, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मी खरा शंभर वॉटचा. पण पाटी छापणाऱ्याला नेमकी शिंक आली आणि शंभरावर एक शून्य जास्त उमटलं. त्या शून्याच्या जोरावर मी दुकानात सर्वांत खालच्या फळीवर छाती काढून बसलो होतो. शेजारी माझाच एक भाऊ होता. एका गिऱ्हाइकाने घाई करून त्याच्या तारांची टोकं एकमेकांना चिकटवली, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत पेटला. शेवटी त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “फट!” घाईच्या माणसांची मला तेव्हापासून धास्ती आहे.

मग एक दिवस एक शिंपीणबाई आणि तिचा नवरा दुकानात आले. नवरा गाड्या दुरुस्त करायचा. नखांत काळं तेल आणि डोक्यात फक्त वॉट.

“अहो, हा बघा हजार वॉटचा!” तो म्हणाला. “भिंत हलेल.”

“भिंत हलवून काय करू? पडदे लावायचेत मला तिच्यावर,” बाई म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. “माईक लावायची खाच आहे का याला?”

“आहे ना. गाणी म्हणायचीत का ताई?”

“नाही. बोलायचंय.”

दुकानदार हसला, पण ती हसली नाही. माझ्याहून चांगले तिथे दहा होते, पण स्वस्तात माईकची खाच असलेला मी एकटाच. माझी निवड अशी झाली. हजार वॉटच्या थापेला तिने ढुंकूनही पाहिलं नाही, याचा मला आधी राग आला होता.

तिला बोलायचं होतं ते तिच्या बाबांशी. त्यांना सगळी गल्ली ‘धडाका’ म्हणे. हा माणूस तीस वर्षं दगडखाणीत सुरुंग पेटवत होता. चौदा वर्षांपूर्वी एक सुरुंग अगदी जवळ फुटला. उजवा कान कायमचा गेला, आणि डाव्यात दाराच्या फटीतून उजेड यावा तेवढंच उरलं. मुलीने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. “किडा वळवळतोय!” म्हणत धडाक्याने ते उंबऱ्यावर ठेवलं आणि घणाने त्याचं पीठ केलं. लिहून द्यावं तर त्याला आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. खाणाखुणांनी ‘जेवण झालं का’ विचारता येतं, पण चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट खाणाखुणांनी सांगता येत नाही.

आणि वेळ थोडा होता. खालच्या मजल्यावर शिट्टीकाका राहायचा, धडाक्याचा खाणीतला जोडीदार. तो येत्या रविवारी सामान बांधून कायमचा दूरच्या भाच्याकडे निघाला होता. तो जायच्या आत तिला बाबांना ते सांगायचं होतं.

आता खाणीतली रीत ऐका. पहिली शिट्टी म्हणजे सगळे दूर पळा. दुसरी म्हणजे वाती पेटल्या. मग धडाके मोजायचे, आणि सगळे सुरुंग फुटले की तिसरी शिट्टी, या आता बाहेर. त्या दिवशी सुरुंग सात होते. सहा फुटले आणि तिसरी शिट्टी वाजली. धडाका आडोशातून बाहेर आला आणि सातवा फुटला. शिट्टीकाकाने साहेबांपुढे मान खाली घालून सांगितलं, “मोजायला चुकलो. शिट्टी मीच वाजवली.” त्याची नोकरी गेली, आणि जिवाभावाचा दोस्तही गेला.

तेव्हापासून धडाका रोज सकाळी पहार उचलून जमिनीवर तीन ठोके हाणायचा. धाड, धाड, धाड. तिसरा असा की खाली काकाच्या ताटलीत चुना पडावा. तीन शिट्ट्यांची आठवण म्हणून, न चुकता, चौदा वर्षं. काकाने एकदाही उलट ठोका दिला नाही.

असल्या घरात मी आलो.

जावयाने मला लोखंडी कपाटावर चढवलं. “मी इंजिनं उघडतो, हे काय चीज आहे?” म्हणून त्याने कागद न वाचताच तारा खोचल्या. एका स्पीकरला लाल जागी लाल आणि दुसऱ्याला लाल जागी काळी. मित्रांनो, असं केलं की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघांच्या भांडणात जाड आवाज मरतो. लढाईचा सिनेमा लागला. पडद्यावर तोफा धडधडत होत्या, मुंडकी उडत होती, पूल कोसळत होते, आणि माझ्या तोंडून पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. धडाका स्पीकरवर पंजा ठेवून बसला होता.

“हा स्फोट?” तो गरजला. बहिरी माणसं गरजूनच बोलतात. “मी शिंकलो तरी याहून मोठा होतो! कुठल्या भंगारवाल्याने जोडलाय?”

जावई लाल झाला. मुलीने कपाटामागे हात घातला, दाताने तारेचं टोक सोललं, लाल लालला जोडली आणि काळी काळीला. पुन्हा तोफ उडाली.

काय सांगू! खिडकीतली कबुतरं उताणी पडली. शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा सटकला, गिऱ्हाइकाची अर्धी मिशी साफ झाली, आणि त्या गिऱ्हाइकाने न्हाव्याच्या नाकावर ठोसा हाणला. तो ठोसाही मला ऐकू आला. वर घरात, चौदा वर्षांत पहिल्यांदा, धडाका हसला. “आता कसं! सुरुंगच आहे हा!” त्याने माझी कळ शेवटापर्यंत पिळली, अंगावरचा ओला टॉवेल माझ्या डोक्यावर वाळत टाकला आणि सैन्यं कापली जाताना बघू लागला. माझ्या डोक्यावरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची असते, हे त्याला कोण सांगणार? पण ते पुढे.

पाचव्या तोफेला खालच्या छताचा पोपडा शिट्टीकाकाच्या कपात पडला. चौदा वर्षं ठोके सोसलेला माणूस, पण चहात पडलेला चुना त्याला सोसला नाही. तो जिना चढून आला. त्याच्याही हातात पहार होती. खाणीतल्या माणसाच्या घरात पहार नसेल तर काय फुलदाणी असेल?

“बंद कर ते, धडाक्या! रविवारपर्यंत तरी जगू दे!”

धडाक्याला शब्द ऐकू आले नाहीत. त्याला दारात पहार घेतलेला शत्रू दिसला. तोही आपली पहार घेऊन उठला.

मित्रांनो, पडद्यावर हजार माणसं लढत होती, पण खरी लढाई त्या दोन म्हाताऱ्यांची. लोखंडावर लोखंड आपटून ठिणग्या उडाल्या. खुर्चीचा पाय गेला, आरसा गेला, जावई “अहो, अहो” करत मधे पडला तर डाव्या स्पीकरने त्याच्या टाळक्यावर उडी घेतली आणि तो तिथेच बसला. धडाक्याने जीव खाऊन पहार फिरवली. काका वाकला. पहार माझ्या पाठीत बसली. पत्रा आत गेला, दिवे विझून पुन्हा लागले, पण मी बोलायचा थांबलो नाही. मग पहारी सुटल्या आणि हात आले. काकाच्या ओठातून रक्त वाहत होतं. धडाक्याने त्याला जमिनीवर पाडलं, त्याच्या छातीवर बसला आणि स्पीकरची तार दोन्ही मुठींत धरून त्याच्या गळ्यावर दाबली. काकाचे डोळे पांढरे व्हायला लागले.

मुलीने बाबांचा दंड ओढून पाहिला. तो दगड होता. मग तिने सिनेमा बंद केला, माईक माझ्या खाचेत खुपसला आणि नेमकी उरलेल्यांतल्या एका स्पीकरसमोर उभी राहिली. माईक स्पीकरसमोर धरला की आपलाच आवाज फिरून फिरून पोटात येतो आणि शिट्टी फुटते. माझ्या चारही तोंडांतून अशी शिट्टी फुटली की खिडकीची काच तडकली.

धडाक्याच्या डाव्या कानाच्या फटीतून ती आत गेली.

त्याने गळ्यावरची तार टाकली. क्षणभर हवेत बघितलं. आणि मग, खाणीत शिकलेलं शरीर ते, त्याने ज्याचा गळा आवळत होता त्यालाच छातीशी ओढलं, त्याचं डोकं आपल्या पोटाखाली घेतलं आणि पाठ वर करून पडून राहिला. सातव्या सुरुंगाची वाट बघत.

सातवा फुटला नाही. मुलीने माईक तोंडाशी नेला.

“बाबा, ऐकू येतंय?”

त्याने मान वर केली. ‘बाबा’ हा शब्द त्याला चौदा वर्षांनी ऐकू येत होता.

“ती तिसरी शिट्टी काकाने नाही वाजवली. मी वाजवली. मी नऊ वर्षांची होते. तुमचा डबा घेऊन आले होते. काका गाड्या अडवायला रस्त्यावर गेला होता, शिट्टी खिळ्याला होती. मी धडाके मोजले, सात झाले. समोरच्या कड्यावरून एकाचा पडसाद परत आला होता, तोही मी मोजला.” तिचा आवाज माझ्या तोंडांत थरथरत होता, मी तो जमेल तेवढा सांभाळला. “काका म्हणाला, तुझ्या बापाचे कान गेलेत, लेक नको जायला. गप्प राहा. आणि तो रविवारी जाणार, बाबा.”

धडाका उठून बसला. शिट्टीकाका खोकत, रक्त पुसत दुसरीकडे बघत होता. धडाक्याने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“खरं?”

काकाने मान हलवली.

तेव्हा धडाक्याने त्याला एक थोबाडीत दिली. कबुतरं पुन्हा उताणी पडली, इतकी मोठी. “चौदा वर्षं शिव्या खाल्ल्यास, गाढवा! एक तरी परत द्यायची!” आणि मग त्याच हाताने त्याच्या गळ्यावरचा तारेचा वळ चोळत बसला. मुलीकडे न बघता त्याने दुसरा हात तिच्याकडे पसरला. ती जवळ आली. त्याने तिच्या हातातला माईक घेतला, काकाच्या तोंडासमोर धरला.

“बोल. सगळं बोल.”

काकाने घसा साफ केला आणि पहिला शब्द जो उच्चारला तो मुलांसमोर सांगण्यासारखा नाही. धडाका तो ऐकून रडला.

ते बोलत राहिले. मी तापत राहिलो. डोक्यावर टॉवेल होता, पाठीत खड्डा होता, कळ शेवटाला होती. जळका वास मला सगळ्यांत आधी आला, पण मी मध्येच कसा थांबू? काका म्हणाला, “जात नाही मग, रविवारी.” ते पुरतं पोचवलं, आणि मग माझी चार तोंडं आतून जळून गेली.

मित्रांनो, मी आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. जावयाने मला दुरुस्त केलंय, यावेळी कागद वाचून. एक स्पीकर चालतो आणि माईकची खाच चालते. सिनेमा कुणी लावत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी आला तर लाल लालला आणि काळी काळीला लावा, आणि त्याच्या डोक्यावर काही वाळत घालू नका, टीचभर हवा असू द्या. आणि घरात कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर माझी वाट बघू नका. मला जळायची सवय आहे, तुम्हाला नसेल.

धडाका अजून रोज सकाळी पहार उचलतो. धाड, धाड. दोनच. मग पहार टेकवून, डावा कान माझ्या स्पीकरला लावून बसतो. मुलगी खिडकीत जाऊन माईक खाली धरते.

आणि खालून शिट्टी येते.