एक मात्रा

सुरतेत लिंबायतच्या एका गल्लीत सुषमा आणि तिचा नवरा कुंदन भाड्यानं राहायला आले, तेव्हापासून दोन वर्षं गल्ली वाट बघत होती, हे येशूवाले आता धर्म बदला म्हणतील, मग म्हणतील. सुषमानं सांगितलं ते एवढंच, पाणी उकळून प्या आणि खोकला पंधरा दिवस हटला नाही तर मला सांगा. शेवटी गल्लीच वाट बघून कंटाळली आणि तिला सिस्टर म्हणू लागली.

यंदा रमजानात तिचे वडील नवापूरला वारले. दोन महिन्यांनी ती परत आली, ती नुसती आली. रडू नाही, राग नाही. सकाळी बायबल उघडायची, ओळींवरून बोट फिरवायची, मिटायची. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं आत झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ती समोरच्या रेहानाबीकडे गेली. रेहानाबी साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. खोकली. तो खोकला सुषमाच्या ओळखीचा होता.

"आपा, टीबीच्या गोळ्या?"

"खतम. ईद को ही."

"अहो, सहा महिन्यांच्या आहेत त्या!"

रेहानाबीनं फळीवरून डबा काढला. महिन्याभराची पानं रिकामी, बाकीची भरलेली. "एक दिन नही छोडा, सिस्टर. सहरी में खायी, रोजा शुरू होने के पयले. तुमनेच तो बोला था, रोजे की गोली है, एक भी रोजा छोडना नही."

सुषमा बोलली होती 'रोज की गोली'. रेहानाबी धुळ्याकडची, तिला मराठी चांगलं कळतं. पण रमजानच्या आदल्या दिवशी गोळ्या देताना, नीट समजावं म्हणून, सुषमानं हौसेनं हिंदी झाडली होती. एक मात्रा कुणीतरी जास्तीची लावली, बोलणारीनं नाहीतर ऐकणारीनं. सुषमा नवापूरला असताना कुंदन दारातूनच विचारायचा, "गोली हो गयी?" आतून यायचं, "हो गयी, भाई." तो आजची विचारत होता, ती संपल्याचं सांगत होती; खोटं कुणीच बोललं नाही.

डॉक्टरांनी थुंकी तपासली आणि सांगितलं, पुन्हा पहिल्या दिवसापासून.

"मै नही खाती," रेहानाबी म्हणाली. "उलटी होती, पेशाब लाल होती. रमजान में अल्लाह ताकद देता था. बाकी दिन कौन देगा?"

याचं उत्तर सुषमाकडे असायचं. अगदी पाठ. 

"मला नाही माहीत, आपा. माझंच बंद पडलंय."

"क्या बंद पडा?"

"दुआ. वडील गेले तेव्हापासून."

रेहानाबीनं कात्री खाली ठेवली.  मग हसली, हसता हसता खोकली. "तो तुम्हारा भी कोर्स छूटा! फिरसे पयले दिन से, क्या?"

"हं."

"कल सुबह किताब लेके आना. मै निगलूंगी, तुम पढना. तुमने एक दिन भी नागा किया तो मै भी करूंगी. पयलेच बोल देती."

सकाळी सुषमा उंबऱ्याशी बसली. रेहानाबीनं तोंड वाकडं करत गोळ्या गिळल्या, जीभ बाहेर काढून दाखवली. सुषमानं चार ओळी वाचल्या. आत काही हललं नाही.

"हुआ?" रेहानाबीनं विचारलं.

"नाही."

"मेरा भी खोकला कहां गया." तिनं भिंतीवर कोळशानं दोन रेघा ओढल्या, शेजारी शेजारी. "कल आना."