दोन पॉइंट सहा

देवमननं काचेचं मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला. पाणी दोन पॉइंट सहावर थांबलं होतं. त्यानं पात्र तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर ठेवलं, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. पाण्याला त्याची दया आली नाही.

रिठदचा हा कोतवाल सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत आला होता. लेक नीलिमा जन्मली त्या सकाळीही तो आधी पाऊस मोजून मगच दवाखान्यात गेला, आणि ते त्याच्या बायकोनं आजतागायत विसरलेलं नव्हतं. मोजायचं, रजिस्टरात लिहायचं, फाटकाशेजारच्या फळ्यावर खडूनं गावाला दाखवायचं. पाऊस कधी येईल असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "पडला तो सांगतो. पडायचा तो मले माहीत नाई."

हा शहाणपणा यंदा एप्रिलात मोडला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी विहारात मंडळी जमली होती, मंडपातला माइक अजून निघाला नव्हता. कुणाच्या तरी मोबाईलवर हंगामाचा अंदाज आला, सरासरीच्या एकशेपाच टक्के. देवमन पावसाचा माणूस, म्हणून माइक त्याच्याच हाती दिला. त्यानं आकडा वाचला आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण समोर खुललेले चेहरे, आणि जन्मात पहिल्यांदा हातात माइक आलेला. तो बोलून गेला, "यंदा आपल्याकडं चिंता नाई." तो आकडा साऱ्या देशाचा होता, चार महिन्यांच्या बेरजेचा होता, त्यात रिठदचं नावसुद्धा नव्हतं. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या घटकेला आठवलं नाही, एवढंच.

भागिरथा त्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तीन एकर रान ती एकटीनं करत होती. फळ्यावरची बेरीज शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही, हा नेम देवमननंच तिला घालून दिलेला. यंदा एक्केचाळीसवर ती विचारायला आली, तेव्हा माइकची धुंदी अजून उतरली नव्हती. पेरून टाक बाई, म्हणाला, पाऊस येऊनच राह्यला. तिनं उन्हाळाभर दाणा दाणा निवडून ठेवलेलं घरचं सोयाबीन मातीत घातलं. ते उगवलंही. दोन पानं निघाली आणि पाऊस जो गेला तो गेलाच. देवमन वीस दिवस फळ्यावर शून्य लिहीत राहिला, आणि ती वीस दिवस त्या शून्यासमोरून काही न बोलता जात राहिली. एखादी शिवी घातली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

आता नियम असा, की एकवीस दिवस पावसाचा खंड पडला तर महसूल मंडळातल्या शेतकऱ्यांना मदत मिळणार. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पडलेला पाऊस, पाऊस धरत नाहीत. तेवढा भरला की खंड मोडला. आवारातलं नवं स्वयंचलित यंत्र जूनपासून मुकं होतं, त्यामुळे देवमनची नोंदच धरली जाणार होती. आज एकविसावा दिवस. आणि नेमकी पहाटे एक सर येऊन गेली होती. धूळ तेवढी बसली, मुळं कोरडीच राहिली.

फाटकावर जानराव केव्हाचा उभा होता. त्याचंही पाच एकर करपलं होतं. त्यानं देवमनकडून आकडा ऐकला, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दोन पॉइंट चार लिवा न देवमनभाऊ. गावाचं भलं होते. कोनाले दिसते?"

जानराव वाईट माणूस नव्हता, आणि मागत होता तेही स्वतःपुरतं नव्हतं. देवमनच्या मनात तर दुसरंच चाललं होतं. एका आकड्यानं बहिणीचं रान घालवलं, तर दुसऱ्या आकड्यानं ते भरून का काढू नये? त्यानं रजिस्टर उघडलं. दोन लिहिला, टिंब दिलं, आणि पेन तिथंच राहिलं.

तेवढ्यात भागिरथा आली. डोक्यावर भाकरीचं फडकं, हातात विळा; दुसऱ्याच्या वावरात निंदायला निघाली होती. तिनं जानरावाकडं पाहिलं, भावाच्या हातातल्या अडलेल्या पेनाकडं पाहिलं, आणि तिला विचारावं लागलं नाही. मोजपात्र उचलून तिनं ते त्याच्यासारखंच डोळ्यांसमोर धरलं.

"किती हाय?"

"दोन पॉइंट सहा."

"मंग लिव."

"बाई, तुयं रान..." देवमन म्हणाला. "म्याच सांगतलं होतं तुले पेर म्हणून."

"सांगतलं. तवा तुले काई माहीतच नोतं, म्हणून म्या राग नाई धरला." तिनं पात्र ओट्यावर ठेवलं. "हे तं तुले माहीत हाय. हे खोटं लिवशीन, तं पुढच्या साली मी कोनाले इचारू?"

जानराव पायानं माती उकरत राहिला. मग टोपी सारखी करून तो निघून गेला, आणि जाताना त्यानं फाटक हळूच लोटलं.

देवमननं टिंबापुढं सहा लिहिला. डोळे भरून आल्यामुळे तो थोडा वाकडा आला. मोजपात्रातलं पाणी तो सवयीनं बाजूला फेकणार होता, तर भागिरथानं हात धरला. ते अर्ध्या कपाएवढं पाणी घेऊन ती कुंपणाशी गेली. तिथं पेरणीच्या दिवशी तिच्या पिशवीतून सांडलेल्या दाण्याचं एक रोप मान टाकून उभं होतं. त्याच्या बुडाशी तिनं पाणी ओतलं.

मग ती फळ्यापाशी आली. कालचं शून्य तिनं आपल्या पदरानं पुसलं, चांगलं स्वच्छ पुसलं, आणि खडू भावाच्या हातात दिला. देवमननं रोजच्यासारखं मोठ्या अक्षरांत दोन पॉइंट सहा लिहिलं.

"पुढच्या साली शंभर झाल्यावरच सांगजो," ती म्हणाली, आणि विळा काखेला लावून कामाला गेली.