पुसून लिहिलेलं कार्ड

मी एक स्वस्तातलं कार्ड आहे. मित्रांनो, अशा गोष्टीत पहिल्याच वाक्यात ‘जुनं’ हा शब्द येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच थोडी माया वाटते. माझ्या बाबतीत ती सोय नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, तळहाताएवढं, हिरव्या रंगाचं कार्ड आहे, आणि आजवर ज्याने ज्याने मला हातात घेतलं त्याने आधी माझी किंमत काढली आणि मग हसून घेतलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी कार्डं पट्ट्यावरून अशी वाहत यायची की कुणाला कुणाचं कौतुक करायला सवडच नसे. माझ्या अंगावर दोन चिप होत्या. मोठी चिप काम करायची. कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क यांच्यामध्ये उभं राहून इकडचा निरोप तिकडे पोचवणं, हे ते काम. छोट्या चिपमध्ये नुसतं लिहिलेलं होतं: मी कोण, आणि कॉम्प्युटर सुरू होताना त्याने हाक मारली की कोणत्या भाषेत ओ द्यायची. शेवटच्या टेबलावरच्या बाईने शेजारणीशी बोलता बोलता मला तपासलं आणि पाकिटात कोंबलं. माझं लहानपण तिथेच संपलं.

दुकानात पोचलो तोवर माझी गरजच उरली नव्हती. नव्या कॉम्प्युटरांना डिस्क जोडायची सोय अंगचीच आली होती, माझ्यासारखा मध्यस्थ त्यांना नको होता. मग दुकानदाराने मला गल्ल्याशेजारच्या टोपलीत टाकलं. तिथे गुंता झालेल्या वायरी होत्या, बटण तुटलेले माऊस होते, आणि मीही होतो.

एक दिवस एक दुरुस्तीवाला आला. बारीक काम करताना तो एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावायचा, त्यामुळे गिऱ्हाईक त्याच्या पाठीमागे त्याला ‘दोन चष्मे’ म्हणायचं. त्याने टोपली ढवळली, मला उजेडात तिरपं धरून मोठ्या चिपवरचे आकडे वाचले आणि म्हणाला, “हेच पाहिजे होतं.” मला वाटलं, माझी निवड झाली. खुराड्यात हात घालून बाहेर काढलेल्या कोंबडीलाही तसंच वाटत असेल.

आता त्याची युक्ती ऐका. एक वेगळ्याच जातकुळीचे जुने कॉम्प्युटर असतात. त्यांना नवी डिस्क जोडायची तर त्यांच्या भाषेत ओ देणारं कार्ड लागतं. तसली कार्डं आता फार थोडी उरली आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते डोळे पांढरे होतील अशी किंमत सांगतात. गंमत म्हणजे त्यांच्यावरची मोठी चिप आणि माझ्यावरची मोठी चिप एकच. फरक फक्त छोट्या चिपमधल्या मजकुराचा. म्हणून शहाणे लोक टोपलीतलं कार्ड आणतात, त्याच्यातलं पुसतात आणि तिकडचं लिहितात. याला ते कार्ड फ्लॅश करणं म्हणतात. दुरुस्तीवाल्याने तेच केलं. नवा मजकूर माझ्या छोट्या चिपमध्ये मावेना, म्हणून आधी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने ती उपटून काढली आणि तिच्या जागी जास्त मजकूर मावेल अशी दुसरी चिप बसवली. तिचा एक पाय नीट चिकटला नाही. पहिल्या खेपेला मजकूर अर्धाच उतरला आणि त्याचा कॉम्प्युटर माझ्यापाशी येऊन थिजून राहायला लागला. दुरुस्तीवाल्याने मला चार शिव्या घातल्या. पाय त्याने चिकटवला होता, शिव्या मी खाल्ल्या. दुसऱ्या खेपेला जमलं. त्यानंतर ज्या कॉम्प्युटरांसाठी मला बनवलं होतं, त्यांच्या लेखी मी मेलो.

मला त्याने एका विणकामाच्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, वर शटर, आत भिंतीभर लोकरीच्या शंकूसारख्या रिळांची मांडणी आणि मधोमध सुयांचं लांबलचक विणायचं मशीन. त्या मशीनला काय विणायचं ते सांगायला शेजारी टेबलावर तो जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यापुढे जी बाई बसायची तिला सगळे आत्या म्हणायचे. कारखाना तिच्या भावाचा. भाऊ गेल्यावर तो भाच्याकडे आला. भाच्याची चाळिशी उलटली होती, तरी घरात त्याला छोट्याच म्हणत.

आत्याकडे येणारी माणसं रेडिमेडमध्ये न बसणारी होती. पाठीला कुबड असलेले एक काका होते, त्यांच्या स्वेटरच्या पाठीत जास्तीच्या ओळी घालाव्या लागत. एकाचा हात कोपरापर्यंतच होता, त्याची एक बाही तिथेच गोल बंद करायची. चाकाच्या खुर्चीत बसणारी एक मुलगी होती. तिचा स्वेटर पुढून आखूड, मागून लांब, आणि बाह्या चाकात अडकणार नाहीत अशा मनगटाशी घट्ट. प्रत्येकाचा नमुना आत्याने स्वतः बसवला होता आणि ते सगळे त्या कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कमध्ये होते. ती डिस्क आता कण्हायला लागली होती.

ही नुसती डिस्कची गोष्ट नव्हती. छोट्याने आत्याला सांगून ठेवलं होतं, “आत्या, चालतंय तोवर चालव. ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी शटर खाली. यात नवीन खर्च मी घालणार नाही.” म्हणून तिने छोट्याला न सांगता दुरुस्तीवाल्याला गाठलं होतं. त्या खोलीबाहेर तिला दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं, घर भावाचं, आता भाच्याचं. ही एक खुर्ची तेवढी तिची होती.

दुरुस्तीवाल्याने जुन्या डिस्कमधले नमुने नव्या ड्राइव्हवर, म्हणजे नव्या डिस्कवर, जसेच्या तसे उतरवले, मला खाचेत बसवून स्क्रू आवळला आणि बटण दाबलं. आत्या तिकडे पाठ करून एकच स्वेटर पुन्हा पुन्हा घडी करत होती. पूर्वी बटण दाबून ती शटरबाहेर झाडून यायची, तरी कॉम्प्युटर घुटमळतच असायचा. त्या दिवशी तिचा हात झाडूला लागायच्या आत पडदा उजळला.

“अगं बाई, झालंसुद्धा?” ती म्हणाली. मग पुढे येऊन तिने मुलीचा नमुना उघडून पाहिला, काकांचा उघडून पाहिला आणि खुर्चीत बसून दुरुस्तीवाल्याला म्हणाली, “भाऊ, तुम्ही माझं काय वाचवलंत ते तुम्हाला नाही कळायचं.”

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं वाटलं. आत्या अधूनमधून कव्हर काढून माझ्या अंगावरचे लोकरीचे बारीक तंतू मऊ ब्रशने झटकायची. ते दिवस चांगले होते. ते फार टिकले नाहीत, आणि त्याला कारण माझं कौतुक.

झालं असं की दुरुस्तीवाल्याला आपली करामत पोटात ठेवता येईना. जुन्या कॉम्प्युटरांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता. त्यावर त्याने माझा आणि कॉम्प्युटरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘टाकाऊ कार्ड, नवी ड्राइव्ह, झटक्यात सुरू.’ लोकांनी वाहवा केली. कुणी विचारलं छोटी चिप कशी काढली, कुणी विचारलं मजकूर कुठून मिळवला. तो उत्तरं देत बसला. फोटोत मागे एक पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यावर कारखान्याचं नाव आणि फोन नंबर ठळक छापलेला होता. तो नंबर छोट्याचा होता.

छोट्या कारखान्यात आला तेव्हा खुशीत होता.

“आत्या, एकजण कॉम्प्युटर घ्यायला येतोय. असला चालू स्थितीतला कुठे मिळतच नाही म्हणे.”

“आणि विणायचं मशीन?”

“ते कोण घेणार? भंगारात.”

आत्याने हातातली लोकर खाली ठेवली. “छोट्या, चालतंय तोवर चालव म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो ना. पण चालतंय म्हणूनच तो घेतोय. उद्या बंद पडलं तर फुकट नेणार नाही कुणी. आणि तू तरी किती दिवस सुयांशी झटापट करणार? घरी राहा, आराम कर. तुझी सूनही हेच म्हणते. तुझी खोली रंगवून घेतलीये आम्ही.”

“मला आराम नकोय रे. मला हे हवंय.”

“अशी रडवेली नको होऊस, आत्या.”

ती रडवेली झाली नव्हती. तिने सरळ मराठीत, सरळ आवाजात सांगितलं होतं. पण छोट्याला ते ऐकायची सोय नव्हती, म्हणून त्याने ते रडण्यात जमा केलं. तो वाईट माणूस नाही. खोली त्याने खरंच रंगवून घेतली होती, आणि रंगही तिच्या आवडीचा विचारून.

ग्रुपवर खरेदीची बातमी वाचून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला धावत आला. “ताई, मी शेण खाल्लं. तो फोटो मीच टाकला होता.” मग शटरकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “एक करा. हे कार्ड काढून माझ्याकडे द्या. तो माणूस आला की कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. हात हलवत परत जाईल.”

आत्याने स्वतः कव्हर काढलं. स्क्रू सोडवला आणि दोन्ही टोकांना बोटं घालून मला धरलं. मी मनात म्हणत होतो, ओढ. मला पुन्हा पाकिटात कोंब, कुठेही फेक, पण ओढ.

तिने ओढलं नाही. “भाऊ, काढलं तर पुढे काय? बंद पडलं की शटर खाली, हेही त्यानेच ठरवलंय.”

“चार दिवसांनी परत बसवू.”

“आणि मग तो ते परत विकायला काढेल. चालू दिसलं तर विकणार, बंद दिसलं तर टाळं लावणार. यात मी कुठे बसायचं, तुम्हीच सांगा.”

दुरुस्तीवाल्याने दोन्ही चष्मे काढले आणि उगाच पुसत बसला. आत्याने स्क्रू पुन्हा आवळला. मुलीच्या स्वेटरची एक बाही राहिली होती, ती तिने विणायला घेतली.

शौकीन आला तो फार सभ्य निघाला. “काय सुंदर ठेवलंय हो तुम्ही,” असं तो आत्याला दोनदा म्हणाला. विणायच्या मशीनकडे जाणारी केबल आत्यानेच काढली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुरुस्तीवाल्याने तिला सगळे नमुने एका पेन ड्राइव्हवर घालून दिले. “हे कशावर उघडतात?” तिने विचारलं. तो म्हणाला, “याच कॉम्प्युटरवर, ताई.” तिने तो पेन ड्राइव्ह पदराच्या टोकात बांधला.

शौकिनाने घरी नेल्यावर पहिलं काम केलं ते साफसफाईचं. आत कसल्या फाइली आहेत ते त्याने एकदा पाहिलं, त्या उघडेनात, तेव्हा ड्राइव्ह पुसायचा हुकूम दिला. तो हुकूम माझ्यातूनच जायचा होता. काकांची पाठ मी पुसली. कोपराशी बंद होणारी बाही पुसली. पुढून आखूड, मागून लांब तो नमुनाही पुसला. नाही म्हणावं असं खूप वाटलं, पण नाही कसं म्हणायचं हे माझ्या आधीच्या मजकुरातही नव्हतं आणि नंतरच्याही नाही.

आता माझं उत्तम चाललं आहे. कॉम्प्युटर काचेच्या दाराआड आहे. पाहुणे आले की शौकीन बटण दाबतो, पडद्यावर एक चेंडू इकडून तिकडे उड्या मारतो, पाहुणे ‘वा’ म्हणतात. मग तो कव्हर काढून मला दाखवतो आणि सगळे हसतात. मध्ये एकदा दुरुस्तीवाला येऊन गेला. “आतल्या फाइली ठेवल्यात ना?” त्याने विचारलं. शौकीन म्हणाला, “कसल्यातरी होत्या, स्वच्छ केलं सगळं.” दुरुस्तीवाला पाणीसुद्धा न पिता उठला. दारात त्याने सांगितलं, विणायचं मशीन भंगारात गेलं, शटर खाली आलं, आणि मग चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचे वडील तिला घेऊन आत्याच्या घरी आले होते. मुलगी वाढली, जुना स्वेटर बसेना. आत्याने टेप आणून माप घेतलं, सगळं, अगदी मनगटापर्यंत. मग टेप गुंडाळून म्हणाली, “रेडिमेड घ्या, आणि बाह्या दुमडून शिवून घ्या.” शौकीन म्हणाला, “अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून अशा गोष्टी संपतात. माझी काळजी चोख घेतली जाते, धुळीचा कण बसत नाही, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. म्हणून मी तुम्हाला वेगळं सांगतो. तुमच्यातले काहीजण पुढे दुरुस्ती शिकतील. काहीतरी बंद पडलेलं तुमच्या हातून चालू होईल आणि तुमची छाती फुगेल. तेव्हा त्या वस्तूपुढे रोज कोण बसतं ते आधी विचारा, आणि ते माणूस आपल्याला काय हवंय ते सांगत असेल तर नीट ऐका. आत्याने सांगितलं होतं. मी शब्दन्‌शब्द ऐकलं. पण मी कार्ड आहे, ऐकून मला काही करता येत नाही. छोट्याला येत होतं.