डावीकडचा आकडा

चमचा ओट्यावरून खणकन खाली पडला आणि घरातली दोन दिवसांची शांतता मोडली.

"मी नाही पाडला!" टेबलाखालून भुंगा ओरडली. चार वर्षांची लेक. आळ यायच्या आधीच तिची सफाई तयार.

"पाडला तर पाडला. उचल."

"आई, पण तू रागव ना!"

नवरा डबा भरता भरता हसला. "बघ, बोलणी खाल्ली नाहीत तर पोरीला करमत नाही. काय झालंय गं तुला?"

"आज त्या बाळाची भूल उतरवणार आहेत," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

बाळ तिचं नव्हतं. पण परवा अडीच तास ते तिच्याच भरवशावर होतं. छोट्या हृदयाची दुरुस्ती करताना ते थांबवावं लागतं, आणि तेवढा वेळ अंगभर रक्त फिरवतं ते तिचं यंत्र. इस्पितळात सगळे तिला पंपवाल्या बाई म्हणत. बाळाच्या कपाळावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या कातडीतून उजेड आत सोडतात आणि मेंदूला किती प्राणवायू पोचतोय ते सांगतात. एक आकडा डावीकडचा, एक उजवीकडचा. डोळ्यांत तेल घालून बघायचे ते हे दोन आकडे.

परवा दोन्ही सत्तरच्या आसपास होते. मग डावा घसरू लागला. चौसष्ट. सत्तावन्न. एकोणपन्नास. उजवा ढिम्म हलला नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गेल्याच आठवड्यात असाच आकडा पडला म्हणून ती ओरडली होती. सर्जननी हातातला टाका अर्धवट सोडला, आणि निघालं काय, तर पट्टी घामाने सुटलेली. "बाई, हृदय मी बघतो, चिकटपट्टी तुम्ही बघा!" अख्खं थिएटर हसलं. तीही हसली, पण तोंड पोळलं ते पोळलंच. आता ती ताकही फुंकून प्यायला लागली.

परवा ती फुंकतच बसली. भूलवाल्या डॉक्टरांना हळूच म्हणाली, "पट्टी सुटलीय बहुतेक." त्यांनी चादरीखाली हात घालून पट्टी दाबली. मग कपाळ पुसलं. मग नवी लावली. नव्या पट्टीवरही एक्केचाळीस. तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं, "सर, डावीकडे रक्त पोचत नाहीये."

यंत्राकडून रक्त आणणाऱ्या नळीचं टोक सरकून मेंदूच्या उजव्या बाजूला जाणाऱ्या रक्तवाहिनीत घुसलं होतं. उजवीकडे पूर, डावीकडे दुष्काळ. सर्जननी नळी जवभर मागे ओढली आणि आकडा चढत गेला. तोवर तीन मिनिटं गेली होती. हृदय मात्र असं शिवलं गेलं, की नाव ठेवायला जागा नाही.

दुपारी बाळाने डोळे उघडले. डाव्या मुठीत नर्सचं बोट घट्ट धरलं. उजवा हात चादरीवर तसाच पडून राहिला. चिमटा काढला तरी तसाच. मेंदूच्या तपासणीत डावीकडे डाग दिसला; उजवा हात चालवणारी बाजू तीच.

"आईला सांगायला हवं," बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले. "मी सांगतो."

"मिनिटं माझी आहेत, सर."

"आणि टोमणा माझा होता. चला, दोघं जाऊ."

बाळाची आई खाटेवर दुपटं घडी करत होती. शेजारी सहा वर्षांची ताई पाय हलवत बसलेली. पंपवाल्या बाईंनी खुर्ची ओढली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पट्टीचं, भीतीचं, आकड्याचं.

आई बराच वेळ दुपट्याची एकच कड नीट करत राहिली.

"हृदय बरंय ना?"

"हृदय उत्तम आहे," सर्जन म्हणाले.

"आणि हात?"

"व्यायामाने थोडा हलायला लागेल. किती, ते आज नाही सांगता येत."

"तीन मिनिटं," आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "याचं दुपटं बदलायलाच मला तेवढी लागतात हो." मग तिने तोंड फिरवलं. खांदे तेवढे हलत होते.

पंपवाल्या बाई उठायला लागल्या. तेवढ्यात ताई खाटेवरून उतरली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, तू तिथेच होतीस?"

"हो बाळा."

"तुला तो आकडा दिसत होता?"

"दिसत होता गं."

"मग लगेच का नाही सांगितलंस?"