आधीच येऊन गेलेला हुकूम

दिलेला हुकूम मागे घेता येणं ही माणसाने स्वतःसाठी केलेली सर्वांत उदात्त सोय आहे. फक्त ती सहसा उशिरा पोचते. त्या दुपारी मात्र ती लवकर पोचली, आणि ताई पडद्यासमोरून हलेनात.

त्यांनी चुकीच्या डिस्कवर 'पुसा' दाबलं होतं आणि पापणी लवायच्या आत 'रद्द'. ऑफिसातलं स्टोरेजचं, म्हणजे डिस्कांनी भरलेलं, जुनं कपाट भंगारात निघालं होतं, म्हणून एकेक डिस्क रिकामी करणं चाललं होतं. ही तेवढी ठेवायची होती. हिच्यात कुठल्याशा मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं, 'ऐकू कधीतरी निवांत' म्हणून वर्षानुवर्षं जपलेलं. आजोबांचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

आजोबा म्हणजे शेजारच्या टेबलावरचे सहकारी. कुरकुरीमुळे तिशीतच हे नाव पडलं, आणि खरोखरचे आजोबा व्हायच्या आत ते गेले. ह्या कपाटाचा प्रोग्राम त्यांनी आणि ताईंनी मिळून लिहिला, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, रबराच्या वासात डबे उघडत.

"आलं की 'रद्द झालं'!" साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "जीव भांड्यात पडला. चला, चहा."

"साहेब, 'पुसा' अजून पोचलंच नाहीये. कपाटाकडे दोन केबली जातात. ते तुंबलेल्या केबलने गेलंय. 'रद्द' मोकळ्या केबलने पुढे निघून गेलं."

"मग कपाटाने रद्द काय केलं, कपाळ?"

ताई पडद्यावर त्या हुकमाचा नंबर शोधू लागल्या.

प्रत्येक हुकमाला नंबर असतो, त्याच्या 'रद्द'वरही तोच नंबर असतो, आणि कपाट नंबरानेच चालतं. हुकूम यायच्या आधी त्याचं 'रद्द' आलं तर काय करायचं, हा प्रश्न आजोबांनी एकदा भर जेवणात काढला होता.

"लग्नाआधी घटस्फोट कोण मागतं हो?" ताई म्हणाल्या होत्या.

"मागतात. आपण तो नंबर आला असं धरून चालायचं. मग खरा दारात उभा राहिला की सांगायचं, तुम्ही मघाशीच येऊन गेलात."

"घरी पाहुण्यांनाही असंच सांगता वाटतं!"

त्यावर आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. ती सोय त्यांनी पुढे लिहिली की रुसव्यात राहून गेली, हे ताईंनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते जिंकले असते.

केबल मोकळी झाली. 'पुसा' पोचलं. पडद्यावर ओळ उमटली: हा नंबर आधीच येऊन गेला आहे. सोडून दिला.

"अरे वा! हे डोकं कुणाचं?"

ताईंनी स्पीकर जवळ ओढला आणि रेकॉर्डिंग लावलं.

नुसती घरघर. साहेबांनी आवाज वाढवला, तशी घरघर वाढली. ताई पुढे वाकून बसल्या. बऱ्याच वेळाने, अगदी कानाशी, ती जुनी कुरकुर आली.

"अहो, तो पंखा बंद करा आधी. काही ऐकू येत नाही."

खट्.

पुढे काही नव्हतं. पंखा आणि रेकॉर्डर एकाच बटणावर होते.