बाहेरून कुलूप

कुलूप आहे मी. बोलणं हा माझा धंदा नाही, गप्प बसणं हा आहे. पण आता माझं काम संपलंय. जाण्याआधी एकदा सांगतो आणि थांबतो.

जन्म अलिगढचा. अंग पितळेचं, आत सात लिव्हर. मुंबईला लोहार चाळीतल्या एका दुकानातून बाजीराव नावाच्या माणसाने मला उचललं आणि परळच्या खोलीत नेलं. तिथे मला कामच नव्हतं. चाळीत दार लावतं कोण? मी खुंटीवर लटकून असायचो आणि माणसं येताजाताना पाहायचो.

बाजीराव गेले. मागे बायको दुर्गाबाई, मुलगा सुभाष आणि धाकटी मीना. मीना शाळकरी असताना सुभाषचं लग्न झालं. सून चिपळूणकडची, सुनीती. मीना आईला सोडून वहिनीच्या कुशीत झोपू लागली. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिचं रुसणं, सगळं सुनीतीच्या गळ्यात. तीही आवडीने करायची.

पण मधूनमधून सुनीतीला काहीतरी व्हायचं. सकाळी उठवायचं नाही. छातीत धडधड, हात गार. आता काहीतरी वाईट होणार, असं वाटायचं. काय होणार, ते सांगता यायचं नाही. कारण विचाराल तर तेही नाही. नवरा चांगला, सासूचा जाच नेमस्त, खायला होतं. तरी डोळ्यांतून पाणी यायचं. चाळीतल्या बायका तिला ओढून पापड लाटायला बसवायच्या. म्हणायच्या, मनाला फार लावून घेते. थोड्या दिवसांनी ते ओसरायचं. पुन्हा यायचं.

मग सुभाषला वाशीला फ्लॅट लागला. खाडीपूल नवा, इमारती नव्या, झाडं अजून काठीएवढी. दुर्गाबाई आणि मीना परळलाच राहिल्या. हे दोघे तिसऱ्या मजल्यावर आले. इथे प्रत्येक दार बंद. मला काम मिळालं म्हणून मी खूश होतो. सुनीती नव्हती. सुभाष बसने फोर्टला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नाही. यावेळी आजार आला तो गेलाच नाही.

सुभाषने टॉनिक आणलं. गळ्यात दोरा बांधला. एका डॉक्टरने सरळ सांगितलं, हिला मनाच्या डॉक्टरला दाखवा. सुभाष ताडकन उठला. माझी बायको वेडी नाही, म्हणाला, आणि पुन्हा त्या डॉक्टरची पायरी चढला नाही.

एक दिवस सुनीती दूध आणायला गेली ती परतली नाही. दुपारी एका कोळ्याने तिला घरी आणून सोडलं. खाडीच्या चिखलात बसून होती, भरतीचं पाणी जवळ आलं तरी उठेना. सुभाषने विचारलं, तिथे कशाला गेलीस? ती म्हणाली, माहीत नाही. सुभाष खाली बसून तिच्या पायांचा चिखल पुसू लागला. मी खुंटीवरून पाहिलं.

त्याच महिन्यात मीनाचं लग्न ठरलं. दुर्गाबाई वाशीला आल्या. चहा प्यायल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनीच्या डोक्यात बिघाड आहे असं तिकडे कळलं, तर पोरगी आपल्याच घरात म्हातारी होईल. लग्न लागेपर्यंत हिला कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस."

सुनीती आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरून लागलो. आत सुनीती.

सोसायटीत, परळला, मीनालासुद्धा एकच सांगितलं. तिचे वडील आजारी आहेत, ती माहेरी गेली आहे. आता माहेरी गेलेली बाई घरात कशी असेल? म्हणून सुभाषने तिला समजावलं. ओरडला नाही, हात हातात घेऊन समजावलं. दिवा लावायचा नाही. खिडकी उघडायची नाही. रेडिओ नाही, कुकर नाही. नळ सोडायचा तर बादलीत फडकं टाकून, बारीक धारेने. ती मान हलवत होती. पोळीभाजी तो सकाळीच करून झाकून ठेवायचा. चांगली करायचा. संध्याकाळी येऊन मला काढायचा, आतल्या खुंटीला अडकवायचा आणि समोर बसून तिला जेवायला लावायचा.

हातातल्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. सवाष्ण बाई बांगड्या काढत नाही. म्हणून सुनीतीने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ती दोन्ही हातांच्या बांगड्यांवर गुंडाळली.

माणूस घरात असून घरात नाही, असं मी त्या सहा महिन्यांत पाहिलं. मी पितळेचा. तरी ते पाहणं सोपं नव्हतं.

सुभाष सकाळी मला लावायचा, खेचून बघायचा, जिना उतरायचा, परत वर यायचा, पुन्हा खेचायचा. चोराची भीती नव्हती त्याला. ती पुन्हा खाडीवर जाईल, याची होती. हेही सांगितलं पाहिजे.

समोरच्या दारात हलिमा राहायची. पनवेलकडच्या गावातली. नवरा रज्जाक ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यात फिटर. एकदा कुणी फेरीवाला कुलूप न बघताच आमची बेल दाबून बसला. आत सुनीती दचकली आणि तिच्या हातून पेला पडला. हलिमा आपल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. फेरीवाल्याला म्हणाली, "कोन नाय तिथं. उंदीर असंल. जा तू."

तो गेला. हलिमा सूप घेऊन आली आणि आमच्या दाराला पाठ टेकून बसली.

"बाय, मी काय इचारत नाय. तू बोलू नको," ती हळू म्हणाली. "माझ्या घरात उजेड कमी हाय. मी हितं तांदूल निवडते."

तिच्या घरात उजेड भरपूर होता. दक्षिणेची गॅलरी होती.

ती रोज दुपारी येऊ लागली. बंद दाराशी एकटीच बोलायची. रज्जाकचं घोरणं, सासूने पाळलेली बकरी, चाळणीतून पळालेली कोलंबी. जिन्यात कुणी आलं तर नमाजाची चटई झटकतेय असं दाखवायची. आतून काही आवाज नसायचा. मग एकदा रज्जाकने मेहुण्याची लुंगी नेसून बारात कशी काढली ते सांगत असताना आतून हसू आलं. अगदी बारीक. लगेच तोंडावर हात गेला असणार. हलिमाने सूप एकदा पाखडलं आणि पुढचं सांगू लागली, जसं काही ऐकलंच नाही.

त्यानंतर सुनीती दाराला आतून पाठ लावून बसू लागली. मी मधे. तिने सगळं सांगितलं आणि शपथ घातली की कुणाला बोलायचं नाही. मीनाचं लग्न मोडेल.

हलिमाने शपथ पाळली. पण एक गोष्ट सांगितली. तिचा भाऊ अब्दुल्ला बोटीवर होता. घरी आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवेना, बोलेना. गावाने ताईत बांधले. शेवटी रज्जाकने त्याला उचलून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

"बरा झाला?" सुनीतीने विचारलं.

"रोज गोली खातो, रोज बरा होतो," हलिमा म्हणाली. "आता दुकान चालवतो. कधी कधी परत गप होतो. मग आमी जातो, बसतो त्याच्यापाशी. तुला पन डॉक्टर पायजे, बाय. शरम नाय त्यात. दात दुखला तर जातो ना?"

त्या संध्याकाळी सुनीतीने सुभाषला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून काही मागितलं होतं. "अहो, मला दवाखान्यात न्या. मला बरं व्हायचंय."

सुभाष बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला. मग म्हणाला, "एवढं मीनाचं लग्न होऊ दे. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"मग न्याल?"

"मग नेतो. शब्द देतो."

तिने विश्वास ठेवला. लग्न वैशाखात होतं, त्याची वाट पाहू लागली. पण रोज ती थोडी थोडी विझत होती. झाकलेलं ताट तसंच राहायचं. दारापाशी यायची, पण बोलणं कमी. हलिमा बोलायची, ती फक्त दारावर टिचकी मारायची. आहे, एवढंच.

लग्नाच्या दिवशी सुभाष नवे कपडे घालून निघाला. सुनीती म्हणाली, "मला न्या ना. मागे उभी राहीन. कुणाशी बोलणार नाही. लहानाची मोठी केलीय मी तिला."

त्याने दार ओढून घेतलं. मला लावलं. खेचून पाहिलं. खाली गेला, परत आला. यावेळी मला हात लावला नाही, दाराला कपाळ टेकून उभा राहिला. मग गेला.

दुपारी हलिमा आली. हाक मारली. टिचकी आली नाही. पुन्हा हाक मारली. नुसतं बोट वाजव, बाय, म्हणाली. काही नाही. तिने कान लावला. मग घरातून वरवंटा घेऊन आली.

माझ्यावर घाव बसले. डाव्या अंगाला अजून खड्डा आहे. खालच्या मजल्यावरची माणसं जमली. काय चाललंय, घर बंद आहे ना, माहेरी गेलीय ना ती, असं विचारत होती. हलिमाने मान वळवली नाही. मी सुटलो नाही. मी तसा बनलेलोच नाही. शेवटी दाराचं लाकूड फाटलं आणि कोयंडा स्क्रूसकट उखडून आला. मी बंदच्या बंद जमिनीवर पडलो. तिथून आतलं दिसलं.

सुनीती भिंतीला टेकून बसली होती. अंगावर स्वतःच्या लग्नातला शालू. कुंकू लावलेलं, केस नीट. समोर जमिनीवर लाल अक्षता पसरल्या होत्या. घरातल्या तांदळाला कुंकू लावून तिने मुहूर्ताच्या वेळी मीनावर टाकल्या होत्या. रिकाम्या खोलीत. जीव होता, श्वास होता, डोळे उघडे होते. हाक पोचत नव्हती.

हलिमा खाली बसली. आधी तिने काय केलं, तर बांगड्यांवरची चिंधी सोडली. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची. मग तिला पोटाशी धरलं.

संध्याकाळी सुभाष आला. केसांत अक्षता होत्या. फुटलेलं दार, जिन्यात माणसं. तो हलिमाला म्हणाला, "भाभी, हे काय केलंत? आता लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे मीच ना?" हलिमा म्हणाली. "समोर ऱ्हाते मी. सगलं म्हाईत होतं मला. मी काय बोलले?"

सुभाष जिन्यातच बसला. नव्या कपड्यांत, सगळ्यांदेखत रडला. कुणी हसलं नाही.

सकाळी रज्जाकने खाडा केला आणि चौघे इस्पितळात गेले. तिथलं मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? सुभाष म्हणाला, वाशीला आल्यापासून. तेव्हा सुनीती आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलली. "माझ्या लग्नाच्या आधीपासून," म्हणाली. सुभाषने तिच्याकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं शेजारी झोपून त्याला हे ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

सुभाषने येताना किल्ली पुलावरून खाडीत टाकली. दाराला आतून उघडणारं लॅच बसवलं. आता कुठेही जा, म्हणाला. पण ती उंबऱ्याशी येऊन थांबायची. दवाखान्याला हलिमाचा हात धरून जायची, तेवढंच. एकटीने जिना उतरायला तिला दुसरं वर्ष उजाडलं. दार उघडलं की माणूस बाहेर येतो, असं मला वाटायचं. तसं नसतं.

आणि मीना. तिच्या मनात एकच होतं, वहिनी माझ्या लग्नाला आली नाही. दोन वर्षं ती वाशीला फिरकली नाही. मग बाळ झाल्यावर आली. बाळाला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. "वहिनी, एक दिवस येता आलं नाही तुला? एक दिवस?"

सुभाष जमिनीकडे पाहू लागला. सुनीती म्हणाली, "मी इथेच होते, मीना. बाहेरून कुलूप होतं."

मीनाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला विचारलंत का, दादा? मोडू द्यायचं होतं लग्न. दुसरा नवरा मिळाला असता."

बाळ सुनीतीच्या मांडीवर ठेवून ती खूप रडली. मग उठली आणि चहा न घेता गेली. घरी जाऊन तिने लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला. तो परत लावला नाही, असं ऐकतो. सुनीतीला पत्र लिहिते. भावाच्या घरात पाऊल टाकत नाही.

आता हलिमाही इथे नाही. कारखाना बंद पडला, ते गावी गेले. सुनीती गोळ्या घेते. काही महिने बरे जातात, तेव्हा बाजारात जाते, शेजारणीशी बोलते. काही महिने वाईट. हे वर्ष वाईट आहे. सुभाष तिच्याबरोबर दवाखान्यात जातो, बाकावर शेजारी बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, मनाचा आजार आहे, औषध चालू आहे. पहिल्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला होता. आता फुटत नाही.

मी माळ्यावरच्या डब्यात होतो. काल सुनीतीने डबा काढला. मला हातात घेतलं. गोळ्यांनी तिची बोटं थरथरतात. माझ्या खड्ड्यावरून तिने अंगठा फिरवला. मग मला दाराबाहेर भंगारात ठेवलं आणि आत गेली. दार लोटलंसुद्धा नाही.

भंगारवाला येईलच. मी कुणाची माफी मागत नाही. कुठल्या दाराला लागायचं ते कुलपाला ठरवता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर आधी विचारा, कधीपासून. आणि कुणाच्या नजरेला पडेल म्हणून थांबू नका. सुनीती थांबली होती. तिचे ते सहा महिने अजून कुणी तिला परत दिलेले नाहीत.

मी बंद आहे. मला वितळवूनच उघडावं लागेल. तसंच करा.